दाराशी टेकलेली सायकल

पणजी शहरात आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी फोंताइन्हास नावाची जुनी वस्ती आहे. अरुंद गल्ल्या, कौलारू घरे. कुठे पिवळी भिंत आणि तिला निळे दार, तर कुठे तांबडी भिंत आणि तिला पांढरी चौकट. पावसाळा सरला की भिंतींवर नवा रंग चढवायचा, ही इथली जुनी रीत. अशा एखाद्या दारापाशी कोणी सायकल टेकवून ठेवली असली, आणि तीही लाल वा हिरवी असली, तर पाहुण्याची पावले तिथे हटकून थबकतात. छायाचित्र निघते. मागून येणारा दुसराही तेच चित्र काढतो आणि तिसऱ्यालाही तो मोह आवरत नाही. वास्तविक त्या चित्रात काहीच घडत नसते. दार अर्धे उघडे, सायकल उभी, माणूस मात्र नाही. तरीही जगातल्या कितीतरी गावांत, कितीतरी माणसांनी, एकमेकांना न विचारता हेच चित्र काढले आहे. या मोहाला इतिहास आहे. आणि गंमत अशी की तो सायकलीपासून सुरू होत नाही. तो सुरू होतो एका खराट्यापासून.

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात लेकॉक ॲबी नावाचा एक जुना मठ आहे. पुढे त्याचे राहत्या वाड्यात रूपांतर झाले आणि एकोणिसाव्या शतकात तो विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांच्याकडे आला. टॅल्बट यांची गणितात गती होती, वनस्पतिशास्त्रात होती, प्राचीन लिप्यांतही होती. हात मात्र चित्रकलेत चालत नव्हता. १८३३ साली इटलीत कोमो सरोवराच्या काठी बसून रेखाटने करताना त्यांची जी फजिती झाली, तिच्यातूनच त्यांच्या मनात विचार आला, की कागदावर प्रकाशालाच चित्र उमटवायला लावता येईल काय? फ्रान्समध्ये दागेर यांची पद्धत १८३९ साली जाहीर झाली. टॅल्बट यांनी आपल्या कॅलोटाइप पद्धतीचे पेटंट १८४१ साली घेतले. दागेर यांच्या पत्र्यावर एकच एक चित्र उमटे. टॅल्बट यांच्या पद्धतीत आधी उलटी प्रतिमा तयार होई आणि तिच्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढता येत. पुढे दीडशे वर्षे छायाचित्रण चालले ते मुख्यतः याच वाटेने.

‘निसर्गाची लेखणी’ या अर्थाच्या नावाचे टॅल्बट यांचे पुस्तक १८४४ ते १८४६ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्यात चोवीस छायाचित्रे होती. सहाव्याचे नाव ‘उघडे दार’. दगडी चौकट, अर्धे उघडे लाकडी दार, आत काळोख आणि त्या काळोखाच्या तळाशी पलीकडच्या खिडकीचा पुसट उजेड. चौकटीपाशी तिरका टेकलेला एक खराटा. एका अंगाला घोड्याचा लगाम टांगलेला, दुसऱ्या अंगाला कंदील. बस्स, एवढेच. हा खराटा तिथे कोणी विसरून गेले नव्हते. टॅल्बट यांनी तो हेतुपुरस्सर टेकवला होता. त्याआधीही त्यांनी असाच एक देखावा टिपला होता, आणि त्याला त्यांच्या मातोश्रींनी ‘खराट्याचे स्वगत’ असे मार्मिक नाव दिले होते. पुस्तकातील टिपणात टॅल्बट यांनी डच चित्रकारांचा दाखला दिला आहे. रोजच्या, घरगुती गोष्टींना त्या चित्रकारांनी विषय म्हणून मान दिला, मग छायाचित्रकाराने तो का देऊ नये, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

यात एक व्यवहाराची बाजूही होती. त्या काळी एका चित्राला पुष्कळ वेळ प्रकाश द्यावा लागे. मूल असेल तर ते चुळबुळ करी, मोठ्या माणसाची मानही जराशी हले आणि चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग उमटे. खराट्याइतके सोशिक गिऱ्हाईक दुसरे कोण मिळणार? परंतु या अडचणीतूनच एक नवी गोष्ट हाती लागली. माणूस चित्राबाहेर ठेवला आणि त्याची वापरातली वस्तू दारापाशी ठेवली, की तो माणूस नाहीसा होत नाही; उलट तो आत आहे, आत्ता बाहेर येईल, असे वाटू लागते. दार ही वस्तूच अशी आहे, की तिच्यामागे कोण आहे हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उठल्याशिवाय राहत नाही. खराटा त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देतो.

खराट्याच्या जागी सायकल यायला आणखी चाळीसेक वर्षे लागली. कार्ल ड्राइस यांनी १८१७ साली मानहाइम येथे चालवून दाखवलेली लाकडी गाडी पायांनी जमीन रेटत पुढे न्यावी लागे. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायटे लागले. मग पुढचे चाक वाढत वाढत पुरुषभर उंच झाले, आणि त्यावर स्वार होणे हे धाडसी तरुणांचे काम होऊन बसले. असले धूड घराच्या दाराशी शोभण्याजोगे नव्हतेच. १८८५ साली कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ ही गाडी बाजारात आणली. तिची दोन चाके जवळजवळ सारख्या मापाची असून मागचे चाक साखळीने फिरे. आजची सायकल ती हीच. आता तिला बसायला सोपे, उतरायला सोपे आणि भिंतीला टेकवायलाही सोपे असे रूप आले.

त्यानंतरचे १८८८ हे साल या कथेत लक्षात ठेवण्यासारखे आहे. या एका वर्षात बेलफास्ट येथे राहणारे पशुवैद्य जॉन डनलॉप यांनी हवा भरलेल्या रबरी धावेचे पेटंट घेतले आणि सायकलीचे हाडे खिळखिळी करणे थांबले. याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी ‘कोडॅक’ नावाचा लहानसा पेटीवजा कॅमेरा विकायला काढला. त्यात शंभर चित्रांची गुंडाळी भरलेलीच असे. ती संपली, की सगळी पेटीच कारखान्याकडे पाठवायची. चित्रे धुऊन, छापून परत येत. छायाचित्रण हे धंदेवाल्याच्या आणि श्रीमंत हौशी माणसाच्या हातून निसटून साध्या माणसाच्या हाती आले ते इथपासून. सायकल आणि हातातला कॅमेरा ही एका पिढीची जुळी भावंडे होत. रविवारी सायकलीवर टांग मारायची, गावाबाहेर जायचे आणि दिसेल ते टिपायचे, ही चाल युरोप-अमेरिकेत इतकी बोकाळली की सायकलस्वारांसाठी म्हणून खास कॅमेरे विकले जाऊ लागले. तेव्हा दृश्य टिपण्यासाठी उतरलेल्या माणसाची सायकल कुठेतरी टेकलेली असणार आणि ती चित्रातही येणार, हे ओघानेच आले.

आणि याच १८८८ सालापासून बेळगावच्या किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ मोजतात. तो आरंभ सायकलींच्या व्यापाराचा होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, जन्म १८६९ चा. त्यांना व्हायचे होते चित्रकार, आणि त्यासाठी ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोनेक वर्षांत ध्यानात आले, की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला भेद उमगत नाही. रंगकाम सुटले. यांत्रिक रेखाटन मात्र राहिले, कारण त्याला रंग लागत नाही. आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. मुंबईत त्यांच्या नजरेस सायकल पडली. ते मुंबईहून सायकली धाडीत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकीत. लोक तिला ‘पायगाडी’ही म्हणत. हा शब्द मागे पडून ‘सायकल’ हाच शब्द का टिकला, हे सांगणे अवघड आहे. पायगाडी काही वाईट शब्द नव्हता. दुकान होते तो रस्ता बेळगावात किर्लोस्कर रस्ता म्हणून ओळखला जातो.

रंग पारखता येत नाही म्हणून चित्रकला सोडावी लागलेल्या माणसाने सीमाभागात सायकल आणावी, हा योगायोग गमतीचा खराच; पण त्याचे काही अडले नाही, कारण त्या काळच्या सायकलीला रंग जवळजवळ नव्हताच. भट्टीत भाजून पक्का केलेला काळा मुलामा गंजाला अडवी, मळ झाकी आणि स्वस्त पडे. पुढे लक्ष्मणरावांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा त्यांना औंध संस्थानात कुंडलजवळ माळरान देऊ करणारे भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः नामांकित चित्रकार होते. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. एका रंगवेड्या राजाने रंग न दिसणाऱ्या कारखानदाराला आसरा दिला. मात्र हा विषय वेगळाच आहे.

हिंदुस्थानात छायाचित्रण त्यापूर्वी बऱ्याच आधी पोचले होते. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्या कामात होते. इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारे लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला आणि पुढे ते निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. पण या काळातला कॅमेरा मुख्यतः राजवाडे, दरबार, लेणी आणि शिकारी पाही. साध्या घराच्या दाराकडे वळण्याची त्याला गरज वाटत नव्हती. साधा माणूसच उलट कॅमेऱ्याकडे गेला, आणि जाताना सायकल घेऊन गेला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या गावोगावच्या फोटो-स्टुडिओंत रंगवलेल्या पडद्यापुढे, सायकलीच्या दांड्यावर हात ठेवून, नवा कोट घालून उभे राहिलेले तरुण जुन्या आल्बमांत आजही भेटतात. पुष्कळदा ती सायकल स्टुडिओचीच असे.

सायकलीचा एवढा डौल का, ते समजायला मराठीतला जुना वाक्प्रचार आठवावा. वैभवाचे माप सांगताना ‘दारी हत्ती झुलतात’ असे म्हणत. घरात काय आहे यापेक्षा दारात काय उभे आहे, यावर घराची पत ठरे. हत्ती गेले, घोडे गेले. मध्यमवर्गीयाच्या आणि कारकुनाच्या दारी त्या जागी सायकल येऊन उभी राहिली. लग्नात जावयाला सायकल देण्याचा रिवाज पडला. नगरपालिकेने तिच्यावर कर बसवला आणि पितळी बिल्ला लावला. दसऱ्याला ती धुऊन-पुसून दाराशी उभी केली जाई. दांड्याला झेंडूची माळ, चाकाला हळदकुंकू, वर चौकटीला आंब्याचे तोरण. काळी असली तरी त्या दिवशी तिच्याइतकी रंगीत सायकल जगात दुसरीकडे सापडली नसती. तथापि त्या रंगांचे छायाचित्र निघणे त्या वेळी शक्य नव्हते. जी थोडीफार चित्रे निघाली त्यांत झेंडू करडाच आहे.

उरलेले दिवस सायकल बोलत असे ती वेगळ्या भाषेत. ती दाराशी दिसली, म्हणजे मास्तर घरी आहेत. दिसली नाही, म्हणजे शाळा सुटायची आहे. उधारी वसूल करायला येणाराही आधी सायकलच पाही. आणि कित्येक सायकली महिनाअखेरीस मागच्या दारी टेकवल्या जात त्या याच कारणाने. डॉक्टरांची सायकल एखाद्या दारी बराच वेळ दिसली, तर शेजारी हळूच चौकशीला येत. आणि तारवाल्याची सायकल ज्या दारापाशी थांबे, त्या घरातल्या बाईचा हात तार फोडण्याआधीच थरथरू लागे. भारतातली तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. तोपर्यंत ती भीतीही विरून गेली होती.

दाराशी टेकलेली सायकल म्हणजे एका माणसाची अख्खी भाकर असू शकते, हे चित्रपटाच्या पडद्यावर दाखवले ते व्हित्तोरिओ दे सिका यांनी. त्यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ १९४८ सालचा, आणि १९५२ साली मुंबईत भरलेल्या भारतातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. महायुद्धानंतरच्या रोममध्ये भित्तिपत्रके चिकटवण्याची नोकरी मिळालेल्या गरिबाची सायकल चोरीला जाते. ती सोडवून आणण्यासाठी त्याच्या बायकोने घरच्या चादरी गहाण टाकलेल्या असतात. दिवसभर लेकाला बरोबर घेऊन तो ती शोधतो. अखेरीस एका दारापाशी, कोणी राखणीला नसलेली एक सायकल त्याला दिसते. हेच ते चित्र: दार, भिंत, टेकलेली सायकल, माणूस नाही. पण इथे ते पाहणारा प्रवासी नाही, छायाचित्रकार नाही. ज्याचे सर्वस्व गेले आहे असा बाप आहे. त्याला त्यात शोभा दिसत नाही, मोह दिसतो. तो ती उचलतो आणि पकडला जातो. ज्याने तो प्रसंग पाहिला, त्याला दाराशी उभी सायकल पुन्हा पूर्वीसारखी निरागस दिसणे कठीण.

रंगाची गोष्ट अजून सांगायची राहिली. फ्रान्समधल्या ल्युमिएर बंधूंनी १९०७ साली रंगीत छायाचित्रणाची ‘ऑटोक्रोम’ पद्धत बाजारात आणली. बटाट्याच्या पिष्टाचे अतिसूक्ष्म कण तीन रंगांत रंगवून ते काचेवर पसरलेले असत. चित्रे मोहक येत, पण प्रकाश पुन्हा फार वेळ द्यावा लागे. म्हणजे टॅल्बट यांचीच अडचण साठ वर्षांनी परत आली आणि रंगीत छायाचित्रकार पुन्हा बागा, भिंती आणि दारे यांच्याकडे वळले. कोडॅकची ‘कोडाक्रोम’ फिल्म १९३५ मध्ये निघाली आणि पुढच्या वर्षी ती लहान कॅमेऱ्यांसाठीही मिळू लागली. इतके होऊनही कलावंत मंडळी रंगाला फार दिवस पंक्तीला घेत नव्हती. रंग म्हणजे जाहिरात, रंग म्हणजे सहलीची चित्रे. कला ती काळ्यापांढऱ्यातच, असा दंडक होता.

तो दंडक मोडण्यात एका पोराच्या तीनचाकीचा वाटा आहे. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरी विल्यम एगल्स्टन यांनी १९७० च्या सुमारास रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका तीनचाकी सायकलीचे रंगीत छायाचित्र घेतले. कॅमेरा जवळजवळ जमिनीला टेकवलेला, त्यामुळे ती मुलाची गाडी मागच्या घरांहून मोठी दिसते. मुठींवरचा गंज दिसतो. पोराचा मात्र पत्ता नाही. १९७६ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने एगल्स्टन यांचे प्रदर्शन भरवले आणि त्याबरोबरच्या पुस्तकावर हेच चित्र छापले, तेव्हा समीक्षकांनी नाके मुरडली. यात पाहण्यासारखे काय आहे, हा त्यांचा सवाल. २०१२ साली एका लिलावात त्या चित्राच्या एका मोठ्या प्रतीला ५ लाख ७८ हजार ५०० डॉलर आले. किमतीवरून कलेचा निवाडा करू नये हे खरे. पण एवढ्या पैशात मेम्फिसच्या त्या आळीतल्या प्रत्येक पोराला तीनचाकी घेऊन देता आली असती, हेही खरे.

पुढे प्रत्येकाच्या खिशातच कॅमेरा आला आणि रंगीत सायकल व रंगीत दार यांची जोडी जगभर पसरली. मलेशियातल्या पेनांग बेटावर जॉर्ज टाउन या जुन्या शहरात अर्नेस्ट झकारेविच या लिथुआनियन चित्रकाराने २०१२ साली एका भिंतीवर दोन मुले रंगवली आणि त्यांच्याखाली खरीखुरी सायकल भिंतीलाच जडवली. तिच्यापुढे माणसांच्या रांगा लागू लागल्या. पॅरिसमधल्या र्‍यू क्रेमिओ या ठेंगण्या, रंगीत घरांच्या गल्लीत तर छायाचित्रे काढणाऱ्यांचा इतका उपद्रव झाला, की २०१९ साली रहिवाशांनी संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी गल्लीला फाटक लावून ती बंद करावी अशी मागणी केली. फोंताइन्हासमध्येही हेच घडले. कोणाच्या पायरीवर बसून, कोणाच्या खिडकीला टेकून चित्रे काढली जाऊ लागली, आणि काही घरांवर छायाचित्रे काढू नयेत अशा पाट्या लागल्या. दार उघडून बाहेर यावे, तर समोर अनोळखी माणसे आपल्याच उंबऱ्याकडे रोखून उभी आहेत आणि जरा बाजूला व्हा अशी खूण करताहेत, हा अनुभव घरमालकाला रोज कोण का सोसायला लावावा? पाहुण्यांमुळे वस्तीत चार पैसे येतात, जुनी घरे सावरायला त्यांचा हातभार लागतो, हेही नाकारता येत नाही. पण ज्याच्या घरातून चहा-कॉफी विकली जात नाही, त्याला त्यातले काय मिळते?

काही ठिकाणी तर भाड्याच्या खोल्या चालवणारे मालक स्वतःच जुनी सायकल आणून, तिला भडक पिवळा वा गुलाबी रंग फासून, टोपलीत फुलझाड लावून ती दाराशी कायमची उभी करतात. साखळी गंजून बसलेली, चाकात हवा नाही. ही मांडणी कृत्रिम आहे म्हणून तिला नावे ठेवावीत, तर टॅल्बट यांचा खराटाही मांडलेलाच होता. फरक आहे तो दाराच्या आतल्या बाजूला. लेकॉकचा खराटा हाती धरून दुसऱ्या दिवशी कोणीतरी अंगण झाडणार होते. या पिवळ्या सायकलीवर बसून कोणीही कुठेही जाणार नसते. पुष्कळदा त्या दारामागे राहणारेही कोणी उरलेले नसते.

गोव्यात मात्र दाराशी सायकल टेकवणारा एक माणूस अजून शिल्लक आहे, तो म्हणजे पोदेर. पूर्वी पाववाला घुंगरांची काठी जमिनीवर आपटीत पायी येई. पुढे सायकल आली, रबरी भोंगा आला, मागे बांबूची मोठी टोपली आली आणि पाव गरम राहावेत म्हणून तिच्यावर झाकणही आले. सकाळी भोंगा वाजतो, दार किलकिले होते, आतून एक हात पिशवी पुढे करतो. कुठे हिशेब महिन्याचा असतो, कुठे रोखीचा. सायकल भिंतीला टेकते ती पाव मोजून देईपर्यंतच. छायाचित्र काढणारी मंडळी उठून गल्लीत येईपर्यंत ती चार गल्ल्या पुढे गेलेली असते.